उताराला लावलेली गाडी

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते, तेव्हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. अण्णा फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. त्या दिवशीही दोनच बोलले. “नाना गेले, मने. जल्दी निघ.” नाना म्हणजे माझे मोठे चुलते. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. हातातली पकड टेबलावर ठेवायची राहून गेली आणि ती तशीच घेऊन मी एसटी स्टँडवर पोचले, एवढं आठवतं. खरं तर शनिवारी मी तिकडे जाणारच होते. सेमिस्टरची परीक्षा जवळ आली होती, पुस्तकं घेऊन आठ दिवस बिऱ्हाडावर राहते, असं नानांना सांगून ठेवलं होतं. दोन दिवस आधी निघावं लागलं, तेही पुस्तकांशिवाय…

आम्ही मेंढरंवाले. घर केदारखेड्याजवळच्या एका लहान गावात आहे, पण दिवाळी झाली की घराला कुलूप लागतं आणि मेंढरं घेऊन आमचं बिऱ्हाड अंबड तालुक्याकडे निघतं. वाटेतले शेतकरी आमची मेंढरं आपल्या वावरात चार-सहा दिवस बसवून घेतात, त्यांच्या रानाला खत होतं. त्या गुरुवारी बिऱ्हाड वडीगोद्रीपासून बरंच आत होतं. रस्त्यावर उतरून जीप धरली, जीप जिथं थांबली तिथून चालत निघाले. लांबून मला आधी माणसं दिसली नाहीत, मेंढरंही दिसली नाहीत. दिसली ती आमची गाडी. पाझर तलावाच्या पाळीवर, तोंड उताराकडे करून उभी. पुढच्या चाकाखाली नानांचा तो काळा दगड. ती तशी उभी पाहिली आणि क्षणभर वाटलं, काहीतरी चुकून कळवलंय, नाना इथंच कुठंतरी असतील.

नाना खाली वावरात होते, पालासमोर, आपल्याच घोंगडीवर. सकाळी चहा घेतला, मेंढरांकडे गेले, बांधाला टेकून बसले आणि उठलेच नाहीत, असं मोठीमायनं सांगितलं. मोठीमाय म्हणजे माझी चुलती. दिवस मावळायच्या आत त्यांना गावी न्यायचं होतं. त्याच गाडीतून नेलं. अण्णांनी चाकाखालचा दगड काढला, ब्रेक सोडला, गाडी पाळीवरून हळूहळू घरंगळत निघाली आणि उतार संपायच्या आत सुरू झाली. बॅटरी चांगली होती, किल्ली फिरवूनही सुरू झाली असती. पण नानांनी उताराला लावलेली गाडी अशीच काढायची, हा आमच्याकडचा नियम होता. का, ते कुणी विचारायचं नाही. मीही इतकी वर्षं विचारलं नव्हतं. त्या उताराबद्दलच मला लिहायचं आहे, कारण माझं शिक्षण त्या उतारावरून आलं, हे मला नाना गेल्यावर कळलं.

गाडी येण्याआधी आमच्याकडे घोडी होती. भांडी, पाण्याचे ड्रम, गोधड्या, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं, सगळं तिच्या पाठीवर. ती म्हातारी झाली, आणि मोठीमायचे गुडघेही तिच्याबरोबरच म्हातारे झाले. मग नानांनी जाफराबादहून एक जुनी मिनीबस आणली. ती आधी कुठल्यातरी शाळेची मुलं नेत होती, बाजूला पुसट झालेली पिवळी पट्टी आणि अर्धवट अक्षरं अजून आहेत. नानांनी मागची सीटं काढून टाकली. एका बाजूला फळ्यांची झोपायची जागा केली, मागे ड्रम बांधले, छताला पांढऱ्या पट्टीची एक लाईट लावून घेतली. दाराशी शाळेच्या मुलांना चढायला खोलगट पायरी होती. तिच्यावर फळी टाकून जमीन सपाट केली आणि कोकरू आत अडकू नये म्हणून समोरून पत्र्याचा तुकडा ठोकला. त्या फळीवर पोतं, पोत्यावर गोधडी. कोकरांची जागा ती. रानातली माणसं बघायला यायची. एका शेतकऱ्यानं विचारलं, “म्हातारबा, घोडी इकून मोटार घेतली, आता मेंढरंबी शिटावर बसवता का?” नाना म्हणाले, “बसवलं असतं. पण त्यांना गाडी लागती.”

दार मात्र नाना कधी पूर्ण लावू देत नसत. वीतभर फट ठेवून दोरीनं बांधायचे. आत कोकरू ओरडलं की बाहेर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, त्याची आई ओरडते. तो आवाज दोन्हीकडे पोचला पाहिजे, नाहीतर आई कोकराला दूध पाजायला विसरते, असं ते म्हणायचे. दिवसा-रात्री, जिथं मुक्काम पडेल तिथं, ती फट तशीच असायची. ही फट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

माझी शाळा आठवीनंतर सुटली होती. कुणी मुद्दाम सोडवली नाही. बिऱ्हाड हललं की मी हलायची, गैरहजेरी वाढत गेली आणि एका वर्षी मी परत गेलेच नाही. दोन वर्षं मी मेंढरांमागे होते. एकदा मेंढरांना जंताचं औषध पाजायचं होतं. नानांनी बाटली मला दिली आणि म्हणाले, “काय लिव्हलंय बघ.” मी वाचून सांगितलं की याची मुदत संपलेली आहे आणि गाभण मेंढीला हे द्यायचं नाही. त्या दिवशी पाच मेंढ्या गाभण होत्या. नाना बाटली हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे बघत बसले, जणू आता तीच काही बोलणार आहे. मग म्हणाले, “आठवीत एवढं कळतं, तर धाव्वीत किती कळत असंल?” पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन एका शाळेत गेले आणि बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून आले. अण्णांना घरी आल्यावर सांगितलं. अण्णा म्हणाले, “अन् मेंढरं कोण पाहील?” नाना म्हणाले, “मेंढरं शिकलेली हायेत. त्यांना पुस्तक लागत न्हाई.”

गाडी येऊन तो पहिलाच हिवाळा होता. त्या हिवाळ्यात मी गाडीत अभ्यास केला. दिवे लागले की भाकरी खाऊन मी छताच्या लाईटखाली बसायची. पायाशी कोकरं, शेजारी मोठीमाय. दोन वर्षांचा खंड पडला होता, गणितातलं काहीच कळायचं नाही, तरी मी बसायची. आणि सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. नाना किल्ली फिरवायचे आणि आतून नुसता टकटक आवाज यायचा. मग अण्णा, आई, मी, शेजारच्या वावरातलं कुणी असेल तर ते, सगळे मागून ढकलायचे. काळ्या रानात ढेकळांवरून गाडी ढकलणं म्हणजे काय, ते ज्यानं ढकललंय त्यालाच माहीत. कुत्री भुंकायची, कोंबड्या आत फडफडायच्या आणि अण्णा दम खात म्हणायचे, “गाडी न्हाई, मनीषाबाईची शाळा ढकलून राह्यलो आपण.” सगळे हसायचे. मीही हसायची, पण मला ते लागायचं. बॅटरी एकच, तिच्यावर जास्तीचं असं एकच काम, माझी लाईट. दोष कुणाचा हे विचारायचीही गरज नव्हती.

दोन दिवस मी लाईट लावलीच नाही. मोबाईलच्या उजेडात वाचलं, तोही पुरेसा चार्ज नसायचा. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला नाना दाराशी आले, फटीतून आत बघितलं आणि म्हणाले, “अंधारात काय करून राह्यली?”

“वाचतेय.”

“मंग लाईट काहून बंद?”

मी म्हणाले, बॅटरी उतरते. त्यांनी फटीतून हात आत घातला आणि स्वतःच बटण दाबलं. म्हणाले, “बॅटरीचं माझं मी बघतो. तू तुझं बघ.”

बॅटरीचं काय बघणार, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, दुरुस्त करून आणतील. त्यांनी दुरुस्त काही केलं नाही. पण पुढच्या मुक्कामापासून गाडी उतारावर जायला लागली. बिऱ्हाड नव्या वावरात पोचलं की माणसं आधी पाणी कुठं आहे ते बघतात. नाना उतार बघायचे. कधी तलावाची पाळ, कधी ओढ्याकडे जाणारी गाडीवाट, कधी रस्त्याचा भराव. आमच्या त्या सपाट मुलखात उतार शोधणं सोपं नाही, कधीकधी गाडी वाघरीपासून दोन-दोन वावरं लांब राहायची. मग तिथून कोकरं काखेत घालून नाना पहाटे आणि तिन्हीसांजेला त्यांच्या आयांकडे न्यायचे आणि परत आणायचे. अण्णा चिडायचे. “मेंढरं इथं, मोटार तिथं. लांडगा आला तर मोटारीत बसून ये म्हणावं का त्याला?” नाना म्हणायचे, “मला डॉक्टरनी चालायला सांगितलंय.” कुठल्या डॉक्टरनी, ते कुणालाच माहीत नव्हतं. ढकलणं वाचायचं हे खरं, पण त्यासाठी एवढी पायपीट कशाला? आम्ही समजलो, वय झालं की माणूस हट्टी होतो.

दगडही तेव्हाचाच. कुठल्यातरी ओढ्यात सापडलेला, एका बाजूनं चपटा, चाकाखाली बरोबर बसणारा. तो ते प्रत्येक मुक्कामावरून उचलून गाडीत घालून आणायचे. रानात पावलापावलाला दगड पडलेत आणि हा माणूस एक दगड सांभाळून नेतोय, याचं लोकांना हसू यायचं.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी नाना मला केंद्रावर सोडायला आले. सकाळी किल्ली फिरवली तर टकटकही झालं नाही, बॅटरी पार मेली होती. त्यांनी दगड काढला आणि गाडी ओढ्याच्या उतारावरून निघाली. अर्धा उतार झाला, काही नाही. मी पुस्तक छातीशी धरून बसले होते. आदल्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचलं होतं. मनात एवढंच चाललं होतं की आता गाडी खाली जाऊन वाळूत थांबणार, पेपर जाणार आणि हे सगळं मी माझ्या हातानं केलंय. नाना समोर बघत होते. उतार संपता संपता त्यांनी क्लचवरचा पाय उचलला, गाडीला एक हिसका बसला आणि इंजिनानं धरलं. नाना एवढंच म्हणाले, “बराबर टायमाला.” मला वाटतं ते इंजिनाबद्दल बोलत होते.

पेपर सुटल्यावर मी फाटकाबाहेर आले तर गाडी नाही. इकडे शोधलं, तिकडे शोधलं. शेवटी एका पोराच्या वडिलांनी सांगितलं की तशी गाडी तिकडे पुलाजवळ उभी आहे. उन्हात चालत गेले. पुलाच्या चढावर गाडी, चाकाखाली दगड आणि आत घामानं निथळत बसलेले नाना. मी रागावले. म्हटलं, “इतक्या लांब काहून लावली?”

“हितं सावली हाय.”

मी वर बघितलं. एकही झाड नव्हतं. मी ते तेव्हाच बोलून दाखवायला हवं होतं का, हे मी गेल्या काही आठवड्यांत खूपदा स्वतःला विचारलं आहे. तेव्हा मला भूक लागली होती आणि मी डबा उघडला. असे सगळे पेपर झाले. मी पास झाले आणि जालन्याला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. घराण्यात कॉलेजला जाणारी मी पहिली. नानांनी सगळ्या मुक्कामांवर हे सांगितलं, विचारलं नाही तिथंही सांगितलं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत बिऱ्हाडावर गेले, तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणीचं मीटर घेऊन गेले होते. आम्हाला नुकतंच शिकवलं होतं की गाडीतलं सगळं बंद असतानाही बॅटरीतून करंट जात असेल तर कुठंतरी चोरवाट आहे. मला खरं तर माझी चूक मोजून बघायची होती. माझी लाईट किती खाते, ते आकड्यात. सगळं बंद केलं, मीटर लावलं… आणि काटा शून्यावर येईना. छताची लाईट बंद होती आणि तरी बॅटरी गळत होती. मी एकेक फ्यूज काढत गेले. नाना मागे उकिडवे बसून बघत होते, मध्येच विचारत होते, “डॉक्टरीणबाई, काय निघालं?” एक फ्यूज काढल्यावर काटा खाली आला. त्या फ्यूजच्या तारेचा माग काढला, तर ती दाराशी आली आणि पायरीच्या फळीखाली गेली.

मोठीमायला कोकरं उचलायला सांगितली. गोधडी काढली, पोतं काढलं, फळीचे खिळे काढले. खाली, जुन्या गवतात आणि लेंड्यांत, एक पिवळा बल्ब जळत होता. शाळेच्या मुलांना चढताना पायरी दिसावी म्हणून कंपनीनं बसवलेला. दार उघडलं की लागायचा, दार लागलं की विझायचा. आणि आमचं दार तर कधीच लागायचं नाही. ती वीतभर फट होती ना… गाडी आली त्या दिवसापासून, दिवस नाही, रात्र नाही, तो बल्ब फळीखाली जळत होता. माझी लाईट चार तासांत जेवढं खायची, त्याच्या कितीतरी पट हा एकटा दिवसरात्र मिळून खात होता. मोठीमाय म्हणाली, “अगं बाई. म्हनून कोकरं ह्याच जागी येऊन पडत व्हती.” त्या फळीला ऊब असायची. आम्हाला वाटायचं, ती ऊब कोकरांचीच आहे.

नाना त्या बल्बकडे वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हंजी… तुझी लाईट न्हवतीच?”

“न्हाई नाना.”

ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “मंग मी उगंच—” म्हणाले आणि थांबले. काय उगंच, ते सांगितलं नाही. मीही आनंदात होते, माझ्यावरचा आळ गेला होता. मी बल्ब काढून टाकला. पण दोनच दिवसांत मोठीमायची तक्रार आली की कोकरं गारठतात, त्या जागी बसत नाहीत. मग नानांनी मला बल्ब परत लावायला सांगितला, वेगळं बटण देऊन. थंडीच्या दिवसांत कोकरं असतील तेव्हाच लावायचा. नवी बॅटरी आली. त्यानंतर गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. पण मी जेव्हा जेव्हा बिऱ्हाडावर गेले, तेव्हा तेव्हा गाडी उताराला लावलेली असायची. मी समजले, लागलेली सवय आहे.

नानांचे दिवस झाल्यावर मी मोठीमायजवळ बसले होते. मी सहज म्हणाले, बॅटरी नवी होती तरी नाना गाडी उतारालाच लावायचे. मोठीमाय म्हणाली, “रोज न्हाई लावायचे. रोज वाघरीजवळच असायची गाडी. तू यायची म्हनून लावायचे.”

मला समजलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर वगैरे कुणी नव्हता. माझी लाईट बंद करायला सांगावं लागू नये म्हणून ते तो सगळा हिवाळा उतार शोधत फिरले होते. तिनं एकदा त्यांना म्हटलं होतं, पोरीला सांगा, तासभर कमी वाच. तर ते म्हणाले होते, “तिनं दोन साल गमावलेत आपल्यापायी. अजून तासभर मी कुठून मागू?” बल्ब सापडल्यावर मोठीमाय त्यांना म्हणाली, आता तरी गाडी जवळ लावा. त्यावर ते म्हणाले, “आता कोकराची बी लाईट हाय अन् पोरीची बी. दोन्ही जळल्या तर? पोरीनं बिनघोर वाचावं.” त्या बुधवारी बिऱ्हाड हललं, तेव्हा मी शनिवारी येणार म्हणून त्यांनी गाडी तलावाच्या पाळीवर लावली. तिथून दोन वेळा कोकरं उचलून वाघरीपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी…

मोठीमायनं हे सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलं की ते चालणंच त्यांना भोवलं असेल. मी तसं बोललेही. मोठीमाय माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. “गप. चालायला आवडायचं त्यांना. कोकरं काखेत घेऊन मेंढरांशी बोलत जायचे, तुझंच सांगायचे.” मी तिचं ऐकायचं ठरवलं आहे. मला त्यांचे आभार मानता आले नाहीत, याची हुरहुर आहे, पण त्यांनी मला कधीच उपकाराखाली ठेवलं नाही. सावली हाय म्हणाले आणि सोडून दिलं. आता मी त्याबद्दल दुःख धरून बसले, तर त्यांनी इतकी वर्षं लपवलेलं सगळं फुकट जाईल, असं वाटतं.

परीक्षेच्या आधी चार दिवस मी बिऱ्हाडावर जाऊन आले. या वेळी पुस्तकं होती. गाडी वाघरीजवळ, सपाट वावरात उभी होती. आता ती अण्णा चालवतात. दिवस मावळल्यावर लाईट लावून बसले, फळीवर दोन कोकरं होती, त्यांचा बल्बही चालू होता. थोड्या वेळानं अण्णा फटीपाशी येऊन उभे राहिले. आत बघितलं, छताकडे बघितलं, फळीकडे बघितलं.

“मने, नीट धरून बस. पुस्तकं सांभाळ.”

“कुठं चाललो?”

“वर, रस्त्याच्या भरावावर.”

मी म्हणाले, “अण्णा, बॅटरी नवी आहे. रात्रभर दोन्ही जळले तरी काही होत नाही.”

“मला म्हाईतंय,” अण्णा म्हणाले.

त्यांनी गाडी वर नेली, तोंड उताराकडे करून लावली. मग खाली उतरले. सीटखालून दगड काढून चाकाखाली सरकवल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.